तिसऱ्याला बाहेर ठेवा

चि. मिहिर आणि चि. सई,

माझ्या हॉलमध्ये कॅमेरा बसवायचा, म्हणजे मी पडले-बिडले तर तुम्हाला तिकडे बसल्याबसल्या कळेल, असं तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत आणि यंत्र पाठवूनही दिलंत. गेले तीन रविवार तुम्ही विचारताय, "आजी, लावलास का?" आणि मी तुम्हाला तिकडच्या हवेबद्दल विचारतेय. असं किती रविवार चालणार? म्हणून आज लिहूनच टाकते. कॅमेरा बसवते. मी दिसले तर माझी हरकत नाही. पण त्याचा कान बंद करूनच बसवणार. असं का, ते फोनवर सांगता येणार नाही. त्यासाठी विजयाताई केंजळे सांगाव्या लागतात, आणि विजयाताई दहा मिनिटांत सांगून होत नाहीत.

नावं मी सगळ्यांची बदलली आहेत. विजयाताईंचंही. त्यांना विचारून बदललंय. "बदला, आणि कुठलं ठेवलंत ते मला सांगू नका," असं त्या म्हणाल्या.

तर विजयाताई इथे तळेगावात माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा समोर येतो तो पोह्यांचा डबा. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, अर्धा भरलेला. विजयाताई तो दोन्ही हातांत धरून उभ्या असतात, देवळात दानपेटी धरावी तशा. म्हणतात, "तिसऱ्याला बाहेर ठेवा."

तिसरा म्हणजे तुमचा मोबाइल. तो बंद करायचा, पोह्यांत पुरायचा, वर झाकण. मग डबा स्वयंपाकघरात ओट्याखाली जातो आणि गप्पांना सुरुवात होते. प्लंबर असो, डॉक्टर असो, केळवणाला आलेलं नवरा-नवरीचं जोडपं असो, सगळ्यांना हाच नियम. मागे एका निवडणुकीत एक उमेदवार चार कार्यकर्त्यांसह मत मागायला आले. पाच माणसांचे नऊ फोन निघाले. घाईत कोणी बंद केले नाहीत. उमेदवार विकासाबद्दल बोलत होते आणि आतल्या खोलीत डबा ओट्याखाली थरथरत, सरकत सरकत फ्रिजपर्यंत गेला. जाताना त्यांच्या फोनच्या भोकांतून पोहे निघता निघेनात. विजयाताईंनी टाचणी दिली.

"अहो, पण मोबाइल खरंच ऐकतो का?" मी एकदा विचारलं.

"शरयूताई, मी अठरा वर्षं तिसरी होते. मला विचारताय?"

त्या लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तुम्हा पोरांना हे कसं समजावू? त्या काळी फोन उचलला की नंबर फिरवता येत नसे. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी, घंटा वाजायची. मधे एक बाई बसलेली असायची, कानाला हेडफोन लावून, समोर भोकांचा बोर्ड. ती एक वायर इकडे खुपसायची, एक तिकडे, आणि म्हणायची, "बोला." बोलायचे दोघं. ऐकायला मात्र एक्स्चेंजमधल्या तिघींपैकी जी ड्यूटीवर असेल ती असायचीच. लाइन नीट लागली का, हे ऐकल्याशिवाय कळणार कसं? अख्ख्या लोणावळा-खंडाळ्याची लग्नं, आजारपणं, भांडणं, बदल्या, सगळं आधी विजयाताईंच्या कानावरून गेलेलं. पुढे यंत्रं आली, बोर्ड गेला, आणि निवृत्त होईपर्यंत त्या चौकशीच्या खिडकीत बसल्या. पण बोलताना अजून 'मी बोर्डावर असते' असं म्हणतात. 'होते' म्हणत नाहीत.

त्यांच्याकडेही मोबाइल आहे. बटणांचा. तो सकाळी अकरा ते बारा चालू असतो, बाकी वेळ बंद. त्या तासाला त्या ड्यूटी म्हणतात. मी एकदा गंमत म्हणून सव्वाअकराला फोन केला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "बोला, कोण हवंय?"

"तुम्हीच हव्या आहात."

त्या म्हणाल्या, "थांबा हं," आणि खरंच कोणाला तरी बोलवायला जावं तसा आवाज लांब गेला आणि परत आला. "हां, बोला. मीच."

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे एक कामच होऊन बसतं. कपड्यांच्या दुकानात बिल करताना काउंटरवरच्या मुलीने नेहमीसारखं विचारलं, "मॅडम, मोबाइल नंबर?"

"कशाला?"

"बिलासाठी लागतो."

"आधी तुझा सांग. घरच्यांचाही सांग."

त्या भाबड्या मुलीने सांगितला की! आपला, आईचा, भावाचा. विजयाताईंनी कपाळाला हात लावला. मागे आठ माणसांची रांग असताना त्यांनी तिला वीस मिनिटं समजावलं, की असं अनोळखी बाईला आईचा नंबर सांगायचा नसतो. मुलगी रडकुंडीला आली. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

आणि एकदा प्रयोग केला. मोबाइल ऐकतो आणि त्याप्रमाणे जाहिराती दाखवतो, असं त्यांचं म्हणणं, आणि पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, असं माझं. तेव्हा त्यांनी माझा फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि त्याच्याकडे वाकून, तीन दिवस, दिवसातून तीन वेळा, ठणठणीत आवाजात सांगितलं, "मला उंटाचं खोगीर पाहिजे." मी वहीत तारीख-वेळ लिहून ठेवत होते. आठव्या दिवशी माझ्या फोनवर स्कूटरच्या सीट कव्हरची जाहिरात आली.

"झालं?" विजयाताई विजयी मुद्रेने म्हणाल्या. "ऐकतं. पण नीट समजत नाही. हे तर जास्तच वाईट. आमच्या वेळी असं अर्धवट ऐकणाऱ्या मुलीला बोर्डावर बसू देत नसत."

यातून काहीच सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितलं. तळेगावात स्कूटरवाले भरपूर आहेत. माझ्या मते सगळंच ऐकत असेल असं नाही, आणि काहीच ऐकत नसेल असंही नाही. जाणकारसुद्धा यावर भांडतच आहेत. विजयाताईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा फोन पोह्यांत टाकला.

इथपर्यंत मी त्यांना हसत होते, हे कबूल करते. आता मागच्या वर्षीचं सांगते.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत श्री. कुलथे. चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झाले. यंत्र दिसलं की त्यांचा चेहरा उजळतो. मनाने वाईट मुळीच नाहीत. नव्या यंत्राची माहिती सांगताना त्यांना समोरच्याचा चहा थंड होतोय हे दिसत नाही, इतकंच. त्यांनी गेटवर नवे कॅमेरे बसवले. गेटवर पाटी लावली, "येथे आवाजासह चित्रण होते." 'आवाजासह' लाल अक्षरांत. आणि रविवारी सकाळी सभेला बोलावलं, प्रात्यक्षिक बघायला.

आम्ही बावीस जण होतो. चहा झाला. कुलथ्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर चित्र लावलं. "हे कालचं. सहज कुठलंही घेतलंय. आवाजाची क्वालिटी बघा फक्त."

चित्रात गेटजवळचा बाक होता. बाकावर पाठमोरी सुनंदा.

सुनंदा माझ्याकडे आणि विजयाताईंकडे कामाला येते, आणखी दोन घरी जाते. मावळातल्याच एका गावची. तिची मुलगी कोमल, एकोणीस वर्षांची, बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झालेली. तिला पुढे शिकायचं होतं. तिच्या चुलत्याने मात्र भुशीकडे हॉटेल असलेल्या घरातलं स्थळ ठरवून टाकलं होतं, आणि बाप भावाच्या शब्दाबाहेर नव्हता. साखरपुडा आठ दिवसांवर आला आणि कोमल घरातून नाहीशी झाली. चुलता तेव्हापासून शोधत होता. सापडली की ओढत आणीन, त्याच मांडवात उभी करीन, असं चारचौघांत बोलत होता. आई रडत होती आणि मला काहीच माहीत नाही म्हणत होती. आम्हीही तिचं खरं मानलं होतं.

पडद्यावरची सुनंदा फोनवर बोलायला लागली. आवाज इतका स्पष्ट, की जणू आमच्यातच बसली आहे.

"कोमे, जेवलीस का गं? ... व्हय. हॉस्टेलात गरम पानी येतं का? ... तू काळजी नको करू. तुझा चुलता लय पिसाळलाय, पर त्याला कुटं म्हाईत तू तितं हाईस म्हनून. म्या मेले तरी सांगायची न्हाई..."

आणि मग तिने गावाचं नाव घेतलं. कॉलेजचंही घेतलं. गावाचं तर दोनदा. बाकीचं सुनंदाला विचारून लिहितेय, पण ती नावं मी इथे एकदाही घेणार नाही.

"बघा!" कुलथे आनंदाने म्हणाले. "तीस फुटांवरून!"

तेवढ्यात पडदा काळा झाला. विजयाताई भिंतीशी उभ्या होत्या. हातात उपटलेली वायर. त्या कधी उठल्या, कधी तिथे पोचल्या, कोणी पाहिलं नाही. पंचाहत्तरीला आलेली, गुडघे धरून जिना चढणारी बाई! बावीस खुर्च्यांमधून ती कशी गेली, ते मला अजून कळलेलं नाही. तो हात मात्र जुना होता. वायर कशी, कुठे धरून ओढायची, हे त्याला विचार न करता माहीत होतं.

"लाइन कट झाली आहे," त्या म्हणाल्या. आवाज घरातला नव्हता. सरळ, कोरडा, बोर्डावरचा. "कोणी उठायचं नाही. दार लावा."

कोणीतरी खरंच दार लावलं.

धोका कुठे होता ते सांगते. सुनंदाचा दीर, म्हणजे कोमलचा तोच चुलता, आमच्या सोसायटीत रोज सकाळी दूध घालतो. बाळूभाऊ. चाळीस घरं. प्रत्येक दारात दोन वाक्यं बोलल्याशिवाय पातेल्यात दूध पडत नाही. बावीस जणांतल्या एकाची जीभ एकदा घसरली की दुपारी तो त्या हॉस्टेलच्या दारात उभा.

विजयाताईंनी माझ्याकडून वहीचं पान मागितलं आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्याकडून जे लिहून घेतलं होतं, ते आठवून आठवून लिहिलं. "मी आज जे ऐकलं ते माझं नाही. ते मी बोलणार नाही, लिहिणार नाही, खुणेनेही सांगणार नाही. घरातल्या माणसांनाही नाही." खाली सह्या.

"पण यांना मी सगळंच सांगते हो," वरच्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या.

"मग त्यांना सांगा, सभेत चहा पांचट होता."

"विजयाताई, हे जरा जास्त होतंय असं नाही वाटत? आम्ही काय गावभर सांगत सुटणार आहोत?"

"मलाही पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं. सही करा."

एकवीस सह्या झाल्या. बाविसावी कुलथ्यांची, ती झाली नाही. ते लालबुंद झाले होते. "मी सही केली म्हणजे मी चूक केली असं होतं. सिस्टिम पूर्णपणे कायदेशीर आहे. पाटी लावलेली आहे. शिवाय रेकॉर्डिंग महिनाभर राहणारच, मग आपोआप जातं, मी काही पुसणार नाही." आणि ते आपला कॉम्प्युटर उचलून निघून गेले. लाजलेला माणूस चिडतो, तसे ते चिडले होते.

म्हणजे एक महिना. तो महिना मी कसा काढला ते मला विचारा. वर्तमानपत्र उघडायचे आणि तोच मथळा चार वेळा वाचायचे. जिन्यात दोघी बोलताना दिसल्या की मी जिना सोडून परत वर. लिफ्टमध्ये कोणी "ऐकलंत का?" म्हणालं की माझा हात आपोआप कानावर. सुनंदाला आम्ही सांगितलं. विजयाताईंना ते जड गेलं. ज्याचं ऐकलं त्याला ते सांगायचं नाही, हा त्यांचा नियम होता. "पण तेव्हा ऐकणारी मी एकटी होते," त्या म्हणाल्या. "आता बावीस आहेत. तिला कळायला हवं."

सुनंदा हातातलं फडकं पिळत राहिली. "घरात बोलता येत न्हाई म्हनून म्या त्या बाकावर बसायचे. आता म्या कुटं जाऊ बोलायला, मावशी?"

"इथं," विजयाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला बेल वाजली. दार उघडलं तर बाळूभाऊ किटली घेऊन, आणि त्याच्या शेजारी विजयाताई. स्वेटर, मफलर, आणि हातात दुधात पाणी आहे का ते बघायची काचेची नळी.

"दूध तपासते आहे," त्या मला म्हणाल्या. "सगळ्यांचं."

त्या त्याच्याबरोबर चाळीसच्या चाळीस दारं फिरल्या. प्रत्येक दारात नळी दुधात सोडायची, चष्मा वर करून बघायचं, "हं, चालेल," म्हणायचं, आणि समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत बाळूभाऊला पुढच्या दाराकडे वळवायचं. असं रोज. आठवडा गेला, दुसरा गेला.

"मावशी, लय दिस झालं की," बाळूभाऊ एकदा वैतागून म्हणाला. "अजून पानी न्हाई घावलं व्हय? आता म्याच वाईच घालतो, म्हंजी तुमी मोकळ्या व्हाल!"

"घाल. मग तुला मोकळं करते."

एकदा त्यांना सर्दी झाली आणि त्या आल्या नाहीत. नेमका त्याच दिवशी तो माझ्या दारात रेंगाळला. मान खाली घालून म्हणाला, "काकू, आमची वैनी तुमच्याकडं कामाला. पोरीचं काय बोलली असंल तर सांगा की. घराची अब्रू हाय. म्या काय तिला मारून टाकनार हाय का?"

त्याचा आवाज बसला होता. त्या क्षणी मला त्याचीही दया आली, आणि दया आली की माणूस बोलतो. गावाचं नाव माझ्या जिभेवर होतं. मी घाईघाईने म्हणाले, "थांब हं, माझं दूध उतू जातंय," आणि दार लावून घेतलं. दूध अजून त्याच्या किटलीतच होतं.

विसाव्या-बाविसाव्या दिवशी व्हायचं ते झालं. बाळूभाऊने गेटवरची पाटी वाचली. रोज तिच्याखालून जाणारा माणूस, त्या दिवशी थांबून वाचली. आणि सरळ कुलथ्यांचं दार वाजवलं. विजयाताई मागोमाग. मी आवाज ऐकून जिना उतरले.

"सायेब," बाळूभाऊ म्हणत होता, "तुमच्या कॅमेऱ्यात आवाज येतो म्हनं. आमची वैनी त्या बाकावर बसून फोनवर बोलती, वॉचमन सांगत होता. तेवढं ऐकवा की. घरचंच मानूस हाय म्या."

कुलथे दारात उभे. मागे टेबलावर कॉम्प्युटर चालू दिसत होता. त्यांनी बाळूभाऊकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून विजयाताईंकडे. विजयाताई काचेची नळी धरून नुसत्या उभ्या होत्या. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता खुर्ची देईल आणि तीस फुटांची गोष्ट सांगायला लागेल.

"आवाज?" कुलथे म्हणाले. "कसला आवाज? बहिरा आहे तो कॅमेरा."

"पर पाटीवर..."

"पाटीवर काहीही असतं! मला फसवलं त्या लोकांनी. चित्र येतं, आवाज नाही. साधी खाकरण्याची नोंद होत नाही. भंगार माल आहे, बाळूभाऊ. कोणाला सांगू नकोस, माझीच शोभा होईल."

कॅमेरा बसवल्यापासून ज्याने त्याचं कौतुक केलं, त्या माणसाला हे बोलताना किती त्रास झाला असेल! बाळूभाऊ "बगा, आसं फसवत्यात," म्हणत किटली उचलून गेला. कुलथ्यांनी हात पुढे केला. "द्या तो कागद."

विजयाताईंनी पदराच्या आतून घडी काढली. रोज बरोबर बाळगत होत्या. बाविसावी सही झाली. त्याच दिवशी कुलथ्यांनी कॅमेऱ्यांचा आवाज बंद केला, जुनं सगळं पुसलं, आणि पाटीवरच्या लाल शब्दावर स्वतः स्टुलावर चढून रंग मारला.

तेव्हापासून सुनंदा दुपारी दोन वाजता विजयाताईंच्या घरातून कोमलला फोन करते. ती आत असते तेव्हा विजयाताई बाहेर, जिन्याजवळ स्टूल टाकून बसतात. थंडी असो, डास असोत. आपल्याच घराच्या बाहेर. दार ओढून घेतलेलं. मीही कधी कधी पायरीवर जाऊन बसते. कमरेला बरं वाटत नाही, पण घरातही बसवत नाही.

अशाच एका दुपारी मी विचारलं, "बोर्डावर असताना मधे बोलावं लागायचं ना तुम्हाला?"

"हो तर. तीन मिनिटं झाली की आत शिरून सांगायचं, 'थ्री मिनिट्स.' नियमच होता."

"जिवावर येत नसे?"

"कोणी रडत असलं तर मी शिरत नसे." त्या लिफ्टच्या दाराकडे बघत होत्या. "घड्याळाकडे पाठ करून बसायचे. सुपरवायझर ओरडायचा."

तेव्हा मला एकदम काहीतरी आठवलं.

तुमचे आजोबा तेव्हा रेल्वेत होते, घाटातल्या कामावर. आम्ही खंडाळ्याला क्वार्टरमध्ये राहत होतो. लग्नाला वर्ष झालं होतं. एका दुपारी मी शेजारच्या बंगल्यातून नागपूरला माझ्या ताईला ट्रंक कॉल केला होता. खूप वेळ बोलले. बोलले कमी, रडले जास्त. तीन मिनिटं कधीच होऊन गेली असतील, पण मधे कोणी आलं नाही. ताईलाही नंतर आश्चर्य वाटलं होतं. आम्हाला वाटलं, ऑपरेटरला डुलकी लागली असेल.

"विजयाताई," मी विचारलं, "खंडाळ्याचे कॉल कुठून जायचे?"

"लोणावळ्यावरून."

"दुपारपाळीला कोण असायचं?"

त्यांनी पदर सारखा केला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला काही आठवत नाही हो, शरयूताई."

मी अजून काही विचारलंच नव्हतं.

अकरा वर्षं आम्ही समोरासमोर राहतो. तुमचे आजोबा असताना त्या आमच्याकडे जेवायला आल्या आहेत, त्यांना आग्रह करून पुरणपोळी वाढली आहे. ते गेले तेव्हा माझ्या शेजारी बसल्या होत्या. एकदाही, नजरेनेसुद्धा...

मग मी म्हणाले, "तुम्ही स्वतः कोणाला करायचात हो फोन? तेव्हा?"

"मी?" त्यांना प्रश्नच कळला नाही जणू. "मी लावून द्यायचे."

आतून सुनंदा मोठ्याने हसली. काय झालं कोण जाणे. पोरीने काहीतरी सांगितलं असेल. हसण्यामागून शब्द ऐकू येऊ लागले. विजयाताई लगेच उठल्या, स्टूल उचललं आणि गुडघा धरून जिन्याच्या खालच्या वळणावर नेऊन ठेवलं. मी त्यांच्या मागे गेले.

माझी ताई जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या दुपारी मी तिला काय म्हणाले, ते तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं.

कोमल दुसऱ्या वर्षाला आहे. ती कुठल्या गावात, कुठल्या कॉलेजात आहे, ते आम्हा बावीस जणांना माहीत आहे. अजून एकानेही सांगितलेलं नाही.